चिंबोरीची नांगी आणि पुठ्ठ्याचा हात

दिघीच्या जेट्टीवर आगरदांड्याहून येणाऱ्या फेरीबोटीची वाट पाहत उभे राहावे. ओहोटी असेल तर राजपुरी खाडीच्या काठी पाहण्यासारखे बरेच काही असते. चिखलात निवट्या पुढच्या परांवर रेलून पुढे सरकत असतात. बगळा मान आखडून दबा धरून असतो, पाणकावळा पंख पसरून वाळवत बसलेला असतो. आणि कुणाच्या टोपलीत चिंबोऱ्या असतात, नांग्या सुतळीने बांधलेल्या.

नांग्या का बांधतात हे किनाऱ्यावरच्या पोराला शिकवावे लागत नाही. पण एवढ्या ताकदीची नांगी, जी माणसाचे बोट फोडते, ती साध्या सुतळीने कशी गप्प बसते? हा प्रश्न एखाद्या सातवीच्या वर्गात टाकून पाहा. उत्तर नांगीच्या आत आहे. नांगी मिटणारा स्नायू दणकट आणि मोठा असतो, उघडणारा मात्र किरकोळ. खेकड्याला चिरडायला जोर लागतो, उघडायला फारसा लागत नाही. मग उगाच खर्च कशाला? म्हणून मिटलेल्या अवस्थेत बांधली की तिचा सारा पराक्रम संपतो. मालवणी-आगरी स्वयंपाकघरात डेंगा फोडून खाणाऱ्यांनीही पुढच्या वेळी आतला मोठा गर आणि शेजारची ती चपटी पातळ पट्टी नीट पाहावी.

हे सगळे आठवण्याचे कारण एक शालेय आव्हान. बऱ्याच देशांत विज्ञानाच्या तासाला ते दिले जाते. निसर्गातला एखादा प्राणी निवडायचा, त्याच्याकडे असलेली पण माणसाकडे नसलेली एक क्षमता हेरायची आणि ती देणारा ‘जोड अवयव’ स्वतःच्या शरीरावर चढवता येईल असा बनवायचा. साहित्य म्हणजे पुठ्ठा, दोरा, रबर, चिकटपट्टी. बस्स. दिघीसारख्या गावात हे आव्हान खेळायचे झाले तर मुलांना प्राण्यांची चित्रे दाखवायचीही गरज नाही. खाडी समोर आहे.

पहिल्या तासाला काय होईल ते मात्र सांगता येते. निम्मा वर्ग पंख मागेल. पंखांना नाही म्हणू नये, पण आधी थोडे गणित करून घ्यावे. कबुतराच्या छातीतले उडण्याचे स्नायू त्याच्या वजनाच्या साधारण पाचव्या ते चौथ्या हिश्श्याइतके असतात. चाळीस किलोच्या मुलाच्या छातीवर आठ-दहा किलोचे स्नायू असते, तर गोष्ट वेगळी होती. १९७९च्या जूनमध्ये ब्रायन अॅलन या सायकलपटूने ‘गॉसमर अल्बाट्रॉस’ नावाच्या विमानातून केवळ स्वतःच्या ताकदीवर इंग्लिश खाडी ओलांडली. त्या विमानाचे पंख सुमारे २९ मीटर लांबीचे होते आणि त्याने ते हातांनी हलवले नाहीत, तो पायांनी पेडल मारत होता. पक्ष्याकडून लांब, निमुळत्या पंखाचा आकार घेतला. जोर मात्र माणसाच्या शरीरात जिथे खरोखर आहे तिथून, म्हणजे मांड्यांतून आणला. पुठ्ठ्याचे पंख गॅदरिंगला उपयोगी पडतील, ते ठेवून द्यावेत.

पोहणाऱ्या मुलांचे तसे नाही, त्यांच्या हाती काहीतरी लागते. अमेरिकेचे बेंजामिन फ्रँकलिन लहानपणी बॉस्टनच्या पाण्यात पोहत असत. तेव्हा त्यांनी चित्रकाराच्या रंगपाटीसारख्या, अंगठ्यासाठी भोक असलेल्या दोन लाकडी फळ्या हातांसाठी केल्या होत्या. पुढे म्हातारपणी एका पत्रात त्यांनी त्या प्रयोगाचा प्रामाणिक हिशेब मांडला आहे. वेग वाढला, पण मनगटे दमली. पायांसाठीही सपाता केल्या, त्या मात्र पसंत पडल्या नाहीत, कारण पोहताना पाण्याला रेटा फक्त तळव्याने बसत नाही, पावलाची आतली बाजू आणि घोटाही काम करतात, हे त्यांच्या लक्षात आले. एका पोराने केलेले हे निरीक्षण मला त्या फळ्यांपेक्षा जास्त मोलाचे वाटते. शरीराला काही जोडले की ताण दुसरीकडे सरकतो, कुठे सरकला ते शोधावे लागते. बदकाने यावर तोड काढली आहे. पाय मागे रेटताना त्याच्या बोटांमधला पडदा उघडतो आणि पुढे आणताना मिटतो. पुठ्ठ्याच्या वल्ह्याला मधोमध घडी घालून हे करता येते, फक्त घडी एकाच बाजूला मिटेल अशी चिकटपट्टी लावावी लागते.

चिखलात चालण्याचा प्रश्न तर किनाऱ्याचा स्वतःचाच. चाळीस किलोचा मुलगा चालताना एका पायावर येतो तेव्हा सुमारे १५० चौरस सेंटिमीटर तळव्यावर सगळा भार पडतो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला २६७ ग्रॅम. त्याच पायाखाली ३० बाय ४० सेंटिमीटरचा पुठ्ठा बांधला की भार ३३ ग्रॅमवर येतो. आठपट कमी. पाणथळीतला कमळपक्षी लांबच लांब बोटे पसरून पानांवरून चालतो, ते याच हिशेबावर. जपानमधल्या आरियाके उपसागराच्या चिखलात कोळी फळीवर एक गुडघा टेकून दुसऱ्या पायाने रेटत घसरत जातात आणि आपल्या निवट्यांचीच भावंडे पकडतात. पण फळी बांधून चालायला गेलात की दुसरीच अडचण येते: पाय बुडत नाही, तसा उचलतही नाही, खाली चिखल धरून ठेवतो. बगळ्याचा पाय पाहा, उचलताना बोटे मिटतात. म्हणजे पुन्हा घडी आलीच. (ही चाचणी शाळेच्या आवारात, बादलीभर चिखल कालवून परातीत करावी. भरतीच्या वेळा पाठ असल्या तरी खाडीच्या चिखलात मुलांना उतरवू नये.)

काही गोष्टी पुठ्ठ्याच्या आवाक्याबाहेरच्या असतात, तेही कळलेले बरे. पालीचा पाय भिंतीला चिकटतो तो गोंदाने नाही, पोकळीने ओढूनही नाही. तिच्या एका पायावर सुमारे पाच लाख अतिसूक्ष्म केस असतात, त्यांची टोके आणखी फाटलेली असतात आणि ती भिंतीच्या इतकी जवळ जातात की रेणूरेणूंमधले क्षीण आकर्षण कामी येते. अमेरिकी संशोधक केलर ऑटम आणि सहकाऱ्यांनी २००० साली अशा एकेका केसाचा जोर मोजला. आव्हानात पाल निवडणाऱ्या गटाला दुसरा प्राणी शोधायला सांगावा लागेल. किंवा आघाड्याचे बी. पावसाळ्यात रानातून आलो की पायजम्याला जे लटकत येते, तसलेच काटेरी बोंड कुत्र्याच्या अंगावर पाहून स्वित्झर्लंडच्या जॉर्ज द मेस्त्राल यांना १९४१ साली चिकटपट्ट्याची कल्पना सुचली. आज कंबरेच्या पट्ट्यापासून मनगटाच्या आधारापर्यंत हाडांच्या डॉक्टरांकडचे क्वचितच काही वेल्क्रोशिवाय असते.

याउलट माशाची शेपटी पुठ्ठ्यात फार सुंदर उतरते. ताज्या माशाच्या शेपटीच्या पराला बाजूने बोटाने दाबा. पर बोटापासून दूर पळायला हवा, पण त्याचे टोक उलट बोटाकडेच वळते. १९९०च्या दशकात एका जर्मन संशोधकाच्या हे ध्यानात आले आणि त्यावरून कारखान्यात फळे, अंडी न चेपता उचलणारे यांत्रिक पंजे तयार झाले. दोन लांब पट्ट्या टोकाशी जोडायच्या, तळाशी उघड्या ठेवायच्या आणि मधे शिडीसारख्या आडव्या पट्ट्या सैल सांध्यांनी बसवायच्या. बाजूने मधे दाबले की टोक आत वळते आणि वस्तूला कवेत घेते. कोळ्याच्या घरातल्या मुलाला हे मासा हातात घेऊन दाखवता येईल. शहरातल्या वर्गाला ती सोय नाही.

आता हाताकडे येऊ. या सगळ्या खेळात आरोग्याच्या दृष्टीने सर्वांत मोठा खजिना तिथे आहे.

पुठ्ठ्यावर आपला पंजा ठेवून, कोपरापर्यंत पेन्सिलीने रेघ मारून कापून घ्यावा. बोटांच्या पेरांवर हलक्या घड्या घालाव्यात. प्रत्येक पेरावर पोकळ नळीचा छोटा तुकडा चिकटवावा. प्लास्टिकची नळी नको असेल तर पपईच्या पानाचा देठ चालतो, वाळल्यावर जरा चिरतो एवढेच. त्या तुकड्यांतून तंगूस किंवा जाड दोरा ओवून टोक बोटाच्या शेंड्याला घट्ट बांधायचे आणि दुसरे टोक कोपराकडे आणायचे. एक टीप अनुभवाची. पुठ्ठ्याच्या आतल्या नाळ्या बोटाला आडव्या येतील असा कापा. मी पहिला हात उभ्या नाळ्यांचा कापला आणि बोटे वाकण्याऐवजी मोडली.

दोरा ओढला की बोट मिटते. इथे मुलांना विचारावे, तुमचे बोट मिटणारा स्नायू कुठे आहे? बहुतेक जण बोट दाखवतील. मग दुसऱ्या हाताने कोपराखालचा दंडाकडचा मांसल भाग धरून बोटे मिटायला-उघडायला सांगावे. आत काहीतरी सरकते. बोटात ती हलवणारा स्नायू नाहीच. मोठे स्नायू कोपराखाली आहेत, काही छोटे तळहातात आहेत आणि बोटापर्यंत पोचतात त्या फक्त दोऱ्या. त्यांना कंडरा म्हणतात. मनगटाच्या एका अरुंद बोगद्यातून अशा नऊ कंडरा आणि एक नस जाते: चार बोटांच्या दोन-दोन, अंगठ्याची एक. बोगद्यात सूज आली की नस दबते आणि रात्री हाताला मुंग्या येऊन झोपमोड होते. कारपल टनेल ती हीच.

आता मधल्या पेराचा नळीचा तुकडा काढून टाका आणि दोरा ओढा. दोरा बोटापासून सुटून धनुष्याच्या दोरीसारखा ताणून उभा राहतो, आणि तेवढाच ओढला तरी बोट पूर्वीइतके मिटत नाही. खऱ्या बोटातही कंडरेला हाडाशी धरून ठेवणारे असे पट्टे असतात. बोटांवर सारा भार तोलत कडे चढणाऱ्यांचे ते फाटतात तेव्हा नेमके हेच होते.

आणि दोरा कापला तर? मासे कापणाऱ्या, कालवे फोडणाऱ्या, नारळ सोलणाऱ्या घरांत हा प्रश्न खेळातला राहत नाही. कोयतीचा घाव बोटावर बसतो, जखम अर्ध्या इंचाची असते, हळद दाबून रक्त थांबते, आठवड्यात जखम भरते. बोट मात्र पुन्हा वाकत नाही. कापलेल्या कंडरेचे वरचे टोक आत, तळहाताकडे ओढले जाते आणि जसजसे दिवस जातील तसतसे ते पकडून जोडणे अवघड होत जाते. म्हणून बोटाच्या आतल्या बाजूला घाव लागला तर रक्त थांबल्यावर एक तपासणी करावी: मधले पेर दुसऱ्या हाताने सरळ धरून फक्त शेंड्याचे पेर हलके वाकवता येते का? येत नसेल, किंवा शेंडा बधिर असेल, तर जखम किती लहान दिसते याला अर्थ नाही. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, हाताच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरकडे गेले पाहिजे. दिघीसारख्या गावातून असे रुग्णालय जवळ नसते, म्हणून तर वाट पाहण्यात आणखी वेळ घालवू नये.

पुठ्ठ्याच्या हातावर अजून एक गोष्ट करून पाहता येते. दोऱ्याचे टोक बोटाच्या शेंड्यावरून सोडवून पहिल्या पेराच्या बाजूला बांधा. ओढणारा हात तोच, जोर तोच. हालचाल मात्र वेगळी. आता शेंडा न वाकता बोट मुळापासून झुकते.

यावर भारतात हजारो माणसांचे हात परत आले आहेत. कुष्ठरोगात कोपराजवळची नस खराब होते. कोपर आपटला की जिच्यातून झिणझिण्या जातात, तीच ती. तळहातातले छोटे स्नायू लुळे पडतात आणि बोटे नखरीसारखी आकडतात: मुळाशी मागे, पुढे वाकलेली. असा हात भाताचा घास नीट घेऊ शकत नाही. कोपराखालचे मोठे स्नायू मात्र बहुधा शाबूत असतात. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४०च्या दशकाच्या शेवटी अशा हातांवर शस्त्रक्रिया सुरू केल्या. एका बोटाला वाकवणाऱ्या दोन कंडरांपैकी एक उसनी घ्यायची, तिच्या चार चिरफाळ्या करायच्या आणि त्या बोटांच्या बाजूला नव्या जागी बांधायच्या. मग रुग्णाने महिनोन् महिने शिकायचे, की अमुक बोट मिटायचा विचार केला की आता तमुक हालचाल होते.

महाराष्ट्रात हे काम पुढे नेणाऱ्यांमध्ये डॉ. नोशीर अंतिया (१९२२–२००७) यांचे नाव मोठे. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांनी प्लास्टिक सर्जरी विभाग उभा केला आणि पुण्याजवळच्या कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयात आकडलेले हात, बसलेली नाके दुरुस्त केली. त्यांचा दुसरा धागा थेट रायगडच्या किनाऱ्याशी जुळतो. १९७०च्या दशकात अलिबाग तालुक्यातल्या मांडव्याला त्यांनी गावातल्याच, फारसे न शिकलेल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. रोग लवकर ओळखला तर शस्त्रक्रियेची पाळीच येत नाही, हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक असणार? आजही तेच खरे आहे. अंगावर न खाजणारा, न दुखणारा, बधिर फिकट चट्टा दिसला तर सरकारी दवाखान्यात दाखवावा. औषध फुकट मिळते आणि वेळेत घेतले तर हात आकडत नाही.

जोड अवयवांच्या गोष्टीत जयपूर फूट येणारच. डॉ. प्रमोद करण सेठी आणि फारसे शालेय शिक्षण नसलेले कारागीर रामचंद्र शर्मा यांनी जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात १९६०च्या दशकात हा पाय घडवला. परदेशी धाटणीचा कृत्रिम पाय तेव्हाही मिळत होता. पण त्यावर बूट घालावा लागे, मांडी घालता येत नसे, उकिडवे बसता येत नसे, शेताच्या चिखलात तो निकामी होई. माणसे तो घरी नेत आणि पुन्हा कुबड्या घेत. शर्मा-सेठींनी रबर, लाकूड वापरून असा पाय केला की जो अनवाणी चालतो, पाण्यात भिजतो, घोट्यात वाकतो. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी अपघातात पाय गमावलेल्या मुंबईच्या सुधा चंद्रन पुढे हाच पाय लावून भरतनाट्यम नाचल्या. परदेशी पायात दोष नव्हता, तो खुर्चीवर बसणाऱ्या माणसासाठी केलेला होता.

वर्गातल्या आव्हानाचा क्रमही म्हणूनच उलटा करावा असे मला वाटते. ‘प्राणी निवडा, मग उपयोग शोधा’ असे सांगितले की मुले वाघाचे पंजे करतात. आधी माणूस निवडायला सांगावा. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातल्या चित्रा नटराजन, सुग्रा चुनावाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या शतकाच्या पहिल्या दशकात महाराष्ट्रातल्या शहरी आणि ग्रामीण, मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या मुलांबरोबर पिशवी, पवनचक्कीचे मॉडेल, बाहुल्या असे प्रकल्प केले होते. मुलांनी गटात बसून आधी कागदावर आराखडा काढायचा, मापे टाकायची, साहित्याची यादी करायची आणि मग कात्रीला हात लावायचा. शेवटी एकमेकांचे काम तपासायचे. आपल्याकडे हस्तकलेच्या तासाला नमुना फळ्यावर असतो आणि चाळीस वस्तू एकसारख्या होतात. तिथे नमुना नव्हता.

तर समजा, एका गटाने आजी निवडली. कंबर वाकत नाही, बोटांच्या सांध्यांना सूज आहे, खाली पडलेली वस्तू उचलायला नातवाला हाक मारावी लागते. गट म्हणतो, बगळ्याची चोच करू: लांब काठी, टोकाला दोन पाती, दोरा ओढला की मिटतात. आराखडा छान होतो. पण दोरा ओढायला बोटेच लागतात आणि आजीची तीच दुखतात. मग चिंबोरी आठवावी लागते, उलटी करून. नांगी रबराने आपोआप मिटलेली राहील आणि जोर फक्त उघडताना, तोही पूर्ण तळहाताने, लावायचा. हे जमले तरी आजीला विचारायचे राहतेच की तिच्या हातून पडते काय. ती सांगते, चष्मा, आणि गोळ्यांची पट्टी. चष्मा नांगीत येतो. गोळ्यांची पट्टी फरशीला चपटी चिकटून बसते, नांगीची दोन्ही टोके तिच्यावरून नुसती घसरतात. पात्याखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावून पाहा, नाहीतर एक पाते उलथण्यासारखे पातळ करा. पुठ्ठा अजून बराच शिल्लक आहे.